फेब्रुवारी १८१८: फ्रेडरिक डग्लस यांचं आजोळ आणि आडनाव

१८७७ सालच्या जूनमध्ये, अमेरिकेतल्या गुलामगिरीविरुद्ध लढलेले फ्रेडरिक डग्लस मेरीलँड राज्यातल्या सेंट मायकल्स या गावी एका म्हाताऱ्याला भेटायला गेले. म्हातारा अंथरुणाला खिळलेला होता, ऐंशी उलटलेली होती, हात सारखे थरथरत होते. त्याचं नाव थॉमस ऑल्ड. चाळीस वर्षांपूर्वी हाच माणूस डग्लस यांचा मालक होता. ‘मालक’ हा शब्द इथं बैलाचा किंवा जमिनीचा मालक असतो त्या अर्थानं घ्यायचा. आता डग्लस वॉशिंग्टनचे मार्शल, म्हणजे न्यायालयाच्या हुकमांची अंमलबजावणी करणारे बडे सरकारी अधिकारी होते, त्यांचं नाव दोन्ही खंडांत पोहोचलेलं होतं. ऑल्डनं त्यांना ‘मार्शल डग्लस’ म्हटलं. डग्लस म्हणाले, मार्शल नाही, तुमच्यासाठी पूर्वीचा फ्रेडरिकच. म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, डग्लस यांचाही आवाज काही वेळ फुटेना.

त्या वीसेक मिनिटांच्या भेटीत त्यांनी एक प्रश्न विचारला. माझा जन्म कधीचा?

साठीच्या घरातला, तीन आत्मचरित्रांचा लेखक होणारा माणूस आपलं वय आपल्या जुन्या मालकाला विचारतो. या प्रकरणाची सगळी गाठ इथंच आहे. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत गुलामगिरीत जन्मलेल्या माणसाचं घराणं शोधायचं, तर त्याची कागदपत्रं त्याच्या घरात नसतात. ती त्याला विकत घेणाऱ्याच्या, वारशानं मिळवणाऱ्याच्या, वाटणीत वाटून घेणाऱ्याच्या घरात असतात. डग्लस यांचं घराणं आज पाच पिढ्या मागं, थेट १७०१ पर्यंत नेता येतं. ते कसं, आणि त्यात त्यांच्या आडनावाचं काय झालं, हे नीट उलगडून पाहण्यासारखं आहे.

आपल्याकडच्या वाचकाला हे नाव अगदीच परकं वाटू नये. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या ज्या सज्जनांना अर्पण केली, ते निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेले लोक. त्या लढ्यातला सर्वांत बुलंद आवाज डग्लस यांचा होता.

१८७० ची भिंत

अमेरिकेत दर दहा वर्षांनी जनगणना होते. १८५० पासून घरातल्या प्रत्येक माणसाचं नाव लिहायला सुरुवात झाली. पण फक्त स्वतंत्र माणसांचं. गुलामांसाठी १८५० आणि १८६० साली वेगळ्या याद्या केल्या गेल्या. त्यांत वर मालकाचं नाव आणि खाली ओळीनं वय, लिंग, रंग. स्त्री, ३२, काळी. मुलगा, ८, काळा. नाव नाही. सरसकट सगळ्या काळ्या माणसांची नावं पहिल्यांदा आली ती १८७० च्या जनगणनेत. म्हणून आजही आपले पूर्वज शोधणारी आफ्रिकी-अमेरिकी माणसं ‘१८७० ची भिंत’ असा शब्द वापरतात. तिथपर्यंत आजा-पणजा नावानिशी भेटतो, त्याच्या मागं एकदम अंधार.

ही भिंत ओलांडायची एक वाट आहे, आणि ती कडू आहे: पूर्वजाचा माग सोडून त्याच्या मालकाचा माग काढायचा. मालक मेला की त्याच्या मालमत्तेची यादी होते, वारसांत वाटणी होते, ते सगळं काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, दप्तरात जातं. त्या यादीत घोडे, गाई, नांगर, खाटा, आणि मधेच माणसं. नावासकट, वयासकट, किमतीसकट.

डग्लस स्वतः अशा एका वाटणीत उभे राहिले होते. त्यांचा पहिला मालक एरन अँथनी १८२६ च्या नोव्हेंबरात मेला. पुढच्या वर्षी सगळ्या गुलामांना बोलावून किंमत ठरवण्यात आली, तेव्हा फ्रेडरिक नऊ वर्षांचा होता. घोडे आणि पुरुष, गुरं आणि बायका, डुकरं आणि पोरं एकाच रांगेत उभी होती, असं त्यांनी पुढं लिहिलं. फ्रेडरिक थॉमस ऑल्डच्या वाट्याला गेला. ऑल्ड हा अँथनीचा जावई.

लेकराला काय आठवत होतं

कागदांकडे जाण्याआधी आठवणी मांडायला हव्यात, कारण कागद त्यांच्याशीच ताडून पाहायचे आहेत.

जन्म मेरीलँडच्या टॅल्बट काउंटीत, टकाहो नावाच्या ओढ्याकाठी, आजीच्या खोपटात. आजीचं नाव बेट्सी बेली, आजोबा आयझॅक बेली. आजोबा स्वतंत्र होते, लाकूड कापायचं काम करायचे. आजी गुलाम होती. पंचक्रोशीत सुईण म्हणून तिला मान होता. मासे धरायची जाळी ती इतकी चांगली विणायची की लोक दुरून विकत न्यायचे. रताळ्याची रोपं लावायला शेजारीपाजारी तिलाच बोलवत, कारण तिचा हात लागला की पीक येतं असा समज होता. आजीच्या पोरी कामाला दूरदूर पाठवलेल्या होत्या, आणि नातवंडं तिच्याजवळ वाढत होती. जेनी, एस्थर, मिली, प्रिसिला, हॅरिएट. आजीच्या पोरींची ही पाच नावं डग्लस यांनी लिहून ठेवली आहेत. हॅरिएट ही त्यांची आई.

सहाएक वर्षांचा असताना आजीनं त्याला हाताला धरून बारा मैल चालवत मालकाच्या वाड्यावर नेलं. लॉइड नावाच्या बड्या जमीनदाराचा तो वाडा, अँथनी त्याचा कारभारी. तिथं बरीच मुलं खेळत होती. आजी म्हणाली, जा, खेळ त्यांच्याशी, ते तुझे भाऊबहीण आहेत. पेरी, सारा, एलायझा. त्यानं त्यांना आधी कधी पाहिलंच नव्हतं. थोड्या वेळानं एक पोरगं ओरडत आलं: फ्रेड, आजी गेली! तो जमिनीवर पडून रडत राहिला.

आईची आठवण त्याहून तोकडी. ती बारा मैलांवर दुसऱ्याच्या शेतात भाड्यानं दिलेली. दिवसभराचं काम उरकून रात्री पायी यायची आणि उजाडायच्या आत परत. एका रात्री स्वयंपाकघरातल्या बाईनं फ्रेडरिकला दिवसभर उपाशी ठेवलं होतं. नेमकी त्याच रात्री आई आली. तिनं त्या बाईला खडसावलं, पोराला मांडीवर घेतलं आणि आल्याचा गोड केक दिला. तो केक हृदयाच्या आकाराचा होता आणि कडेला गडद, चकचकीत लेप होता. तो आकार आणि ती कड त्यांनी तीस वर्षांनंतरही तशीच लिहून काढली. पुढं त्यांनी आपला वाढदिवस १४ फेब्रुवारी ठरवला, व्हॅलेंटाईनचा दिवस. कागदावर या दिवसाला काही आधार नाही, पण मला त्याच्या खरेपणाबद्दल शंका घ्यावीशी वाटत नाही. ज्याच्याकडे आईनं दिलेलं तेवढंच आहे, त्यानं त्यावरून दिवस ठरवला तर तो त्याचा हक्क आहे.

त्या भेटीनंतर आई त्याला पुन्हा दिसली नाही. काही दिवसांत ती वारली. ती गेल्यावर त्याला कळलं की तिला वाचता येत होतं. त्या भागातल्या गुलामांत एकटीला. आईचा चेहरा आठवायचा झाला की ते मानववंशाच्या एका जुन्या पुस्तकातलं इजिप्तच्या राजाचं चित्र उघडून बघत, कारण त्यांना त्यात तिची छबी दिसायची.

बापाविषयी फक्त कुजबूज होती. बाप गोरा होता, आणि तो मालकच असावा असं लोक बोलत. कायद्याला त्याचं काही देणंघेणं नव्हतं. आई गुलाम तर मूल गुलाम, बाप कोणीही असो. त्यामुळं डग्लस यांची वंशावळ ही सगळी आजोळची वंशावळ आहे. आई, तिची आई, तिची आई. मराठीत आपण आजोळ म्हणतो तेव्हा सुट्टी, आंबे, लाड असं काही मनात येतं. इथं आजोळ हाच कायदा होता, आणि बेड्याही त्याच वाटेनं आल्या.

हिशेबाच्या वहीत

डग्लस १८९५ साली वारले. त्यानंतर पंच्याऐंशी वर्षांनी, १९८० साली, डिक्सन प्रेस्टन या पत्रकारानं त्यांच्या मेरीलँडमधल्या वर्षांवर एक पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यात त्यांनी एरन अँथनीच्या कौटुंबिक कागदांचा कसून उपयोग केला होता. हे कागद आज मेरीलँडच्या राज्य अभिलेखागारात आहेत. अँथनी स्वतः काही मोठा जमीनदार नव्हता. गरिबीतून वर आलेला, हिशेबाला पक्का माणूस. आपल्याकडे किती गुलाम आहेत, कोण कधी जन्मलं, कोण मेलं, हे तो वहीत टिपून ठेवायचा. नवं पोर म्हणजे मालमत्तेत भर.

त्या वहीत एक ओळ आहे: फ्रेडरिक ऑगस्टस, हॅरिएटचा मुलगा, फेब्रुवारी १८१८.

एवढंच. दिवस नाही, आडनाव नाही. पण ज्या प्रश्नासाठी माणूस आयुष्यभर झुरला, त्याचं उत्तर त्याच्या पहिल्या मालकाच्या हस्ताक्षरात पडून होतं, आणि त्याच्यापर्यंत ते पोहोचलं नाही.

वहीत त्याची भावंडंही आहेत. पेरी १८१३, सारा १८१४, एलायझा १८१६, मग फ्रेडरिक. आई हॅरिएटचा जन्म १७९२ चा. आजी बेट्सी १७७४ ची.

आता आजीच्या मागं जायचं, आणि इथं नुसती अँथनीची वही पुरत नाही. बेट्सी मुळात अँथनीकडची नव्हतीच. अँथनीनं १७९७ साली अॅन कॅथरीन स्किनर या मुलीशी लग्न केलं आणि बेट्सी व तिची मुलं या लग्नात आंदण म्हणावं तशी आली. म्हणून शोधाची दिशा बदलते. अँथनीचं दप्तर मिटायचं आणि त्याच्या बायकोच्या माहेरचं उघडायचं. असे शोध घेणाऱ्या कोणालाही मी हेच सांगेन की मालकिणीचं माहेर पाहायला विसरू नका. कित्येकदा माग तिथंच सुटतो, कारण लग्नात आलेल्या माणसांची खरेदीची पावती कुठंच नसते.

स्किनर घराण्याच्या जुन्या यादीत बेट्सीची आई जेनी सापडते, जन्म १७४५ चा. आणि त्याच घराण्याकडे बॅली नावाचा एक पुरुष आहे, जन्म १७०१ चा. म्हणजे जेनी डग्लस यांची पणजी. बॅलीचं जेनीशी नातं सांगणारी सरळ ओळ यादीत नाही. एकच घराणं, पिढ्यांचं जुळणारं अंतर आणि पुढं उमटलेलं नाव, यांवरून तो खापरपणजोबा मानला जातो. जेनीच्या बाबतीत आणखी एक खूण आहे, आणि ती कुठल्याही मालकानं लिहिलेली नाही. बेट्सीनं आपल्या एका मुलीचं नाव जेनी ठेवलं होतं. तीच ती मावशी, जिचं नाव डग्लस यांनी लिहून ठेवलं. आईचं नाव लेकीला. पान हरवलं तरी घरातल्या हाकेत नाव टिकून राहतं.

प्रेस्टन यांचं मला सगळ्यात मोल वाटतं ते इथं. पाच पिढ्या एकाच काउंटीत, एकाच मातीत. डग्लस यांना वाटायचं आपण मुळं नसलेली माणसं आहोत. गुलामांच्या घरी वंशवृक्ष वाढत नाहीत, असं त्यांनी एके ठिकाणी लिहिलंय. प्रत्यक्षात बेली मंडळी त्या भागातल्या बऱ्याच गोऱ्या घराण्यांइतकी जुनी होती.

वयाचा हिशेब

पुन्हा ऑल्डच्या खोलीत येऊ. त्यानं उत्तर दिलं होतं: नक्की सांगता येत नाही, पण १८१८ चा फेब्रुवारी असावा. डग्लस यांना ते पटलं नाही. ते १८१७ धरून चालले होते. त्याचं कारण त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवलंय. बाल्टिमोरला पाठवलं तेव्हा अँथनीची मुलगी ल्युक्रीशिया म्हणाली होती की तू आठ पूर्ण करून नवव्यात आहेस. बाल्टिमोरला ते गेले १८२५ साली, आणि १८२५ कशावरून, तर त्या वर्षी तिथल्या गोदीत दक्षिण अमेरिकेतल्या एका सरकारसाठी मोठं जहाज बांधलं जात होतं.

पुरावा तपासायचा तर असा तपासावा. ल्युक्रीशियाचं बोलणं आणि जहाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिनं वय सांगितलं, साल डग्लस यांनी नंतर जहाजावरून बसवलं. प्रेस्टन यांच्या जुळणीनुसार फ्रेडरिक बाल्टिमोरला गेला तो १८२६ च्या मार्चमध्ये. आता फेब्रुवारी १८१८ मध्ये आठ मिळवा, फेब्रुवारी १८२६ येतो. आठ पूर्ण, नववं लागलेलं. ल्युक्रीशिया अगदी बरोबर होती. चूक होती ती फक्त जहाजाच्या सालात.

बाकीचे साक्षीदार बघा. १८४५ च्या पहिल्या आत्मचरित्रात त्यांनी म्हटलंय की १८३५ साली मालकाला बोलताना ऐकलं, हा सतराएक वर्षांचा असेल. १८१८ अधिक सतरा. १८४६ च्या डिसेंबरात त्यांच्या मुक्तीचा दस्त झाला, त्यात वय लिहिलंय: अठ्ठावीस वर्षं किंवा त्याच्या आसपास. पुन्हा १८१८. आणि १८७७ मध्ये ऑल्ड. वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या तोंडांतून आलेली चार विधानं, आणि चारही वहीतल्या ओळीशी जुळतात. स्वतः ऐकलेलं, लिहिलेलं सगळं बरोबर असूनही एका जहाजावर विसंबल्यामुळं त्यांचं वय एक वर्षानं सरकलं.

बेली, स्टॅन्ली, जॉन्सन, डग्लस

आईनं ठेवलेलं पूर्ण नाव फ्रेडरिक ऑगस्टस वॉशिंग्टन बेली. मालकाच्या वहीत त्यातलं ‘बेली’ नाही, कारण मालक गुलामांच्या आडनावाची नोंद ठेवत नसत. पण गुलामांना आडनावं होती, ती ते आपापसात वापरत. इंग्रजीतलं बेली हे आडनाव जुन्या फ्रेंचमधून आलेल्या कारभारी, अंमलदार अशा अर्थाच्या शब्दावरून रुळलेलं आहे. पण टकाहोच्या बेलींना ते तिथून आलं असं म्हणता येणार नाही. त्यांच्यात आधी बॅली हे एका माणसाचं नाव दिसतं आणि नंतर बेली हे घराण्याचं. पूर्वजाच्या नावावरून आडनाव, हा सरळ अर्थ. या नावाचा धागा बिलाल, बिलाली या आफ्रिकी मुसलमानी नावाशी जोडण्याचा तर्कही मांडला गेलाय. तो मोहक आहे, पण आवाजाच्या साधर्म्यापलीकडे त्याला आधार नाही. आडनावांच्या शोधात असा नुसता कानाला गोड लागणारा दुवा मी तरी वंशावळीत लिहिणार नाही.

३ सप्टेंबर १८३८ ला तो खलाशाचे कागद घेऊन, खलाशाच्या कपड्यांत बाल्टिमोरहून पळाला. निघताना नाव स्टॅन्ली. न्यूयॉर्कला पोहोचल्यावर जॉन्सन. अॅना मरे ही स्वतंत्र मुलगी त्याच्या मागोमाग आली आणि १५ सप्टेंबरला त्यांचं लग्न झालं. लग्नाच्या दाखल्यावर नवऱ्याचं नाव फ्रेडरिक जॉन्सन आहे. ज्याला पुढची वाटचाल ठाऊक नाही, त्याला हा दाखला हातात घेऊनही तो डग्लस यांचा आहे हे कळणार नाही.

नवराबायको मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू बेडफर्डला गेले. तिथं ज्यांनी त्यांना घरात घेतलं, ते नेथन जॉन्सन. गावात जॉन्सन इतके झाले होते की कोण कुठला ते कळेना. तेव्हा त्यानं नेथन यांनाच नाव सुचवायला सांगितलं. अट एकच: फ्रेडरिकला हात लावायचा नाही, तेवढं मला माझी ओळख म्हणून हवं. नेथन नुकतंच वॉल्टर स्कॉट यांचं १८१० सालचं ‘द लेडी ऑफ द लेक’ हे काव्य वाचत होते. त्यात परागंदा झालेला डग्लस नावाचा स्कॉटिश सरदार आहे. ते नाव ठरलं. काव्यात शेवटी एकच एस आहे, यांनी दोन लावले.

डग्लस हे स्कॉटलंडमधलं स्थलनाम. गेलिक भाषेत त्याचा अर्थ काळं पाणी, काळा ओढा. आपल्या ‘कर’ आडनावांसारखंच, गावावरून आलेलं. पण इथं आडनावाच्या उगमाचा शोध लॅनर्कशरला नेऊन भिडवला तर सगळं चुकलं. या घराण्याचा त्या ओढ्याशी रक्ताचा संबंध नाही. या डग्लसचा उगम न्यू बेडफर्डच्या एका घरात, १८३८ च्या शरदात, एका काळ्या माणसाच्या हातातल्या पुस्तकात आहे. त्यांचा ओढा टकाहोचा.

मग जुनं आणि नवं नाव एकाच माणसाचं, हे कागदावर कुठं सिद्ध होतं? मुक्तीच्या दस्तात. डग्लस इंग्लंड-स्कॉटलंडच्या दौऱ्यावर असताना न्यूकॅसलच्या रिचर्डसन कुटुंबातल्या बायकांनी वर्गणी जमवून दीडशे पौंडांना त्यांना मोकळं केलं. बाल्टिमोरच्या ह्यू ऑल्डनं, थॉमसच्या भावानं, लिहून दिलं: माझा निग्रो माणूस, नाव फ्रेडरिक बेली, उर्फ डग्लस. तो ‘उर्फ’ हा या सगळ्या शोधातला पूल आहे.

भावंडांची आडनावं पाहिली तर आणखी शहाणपण येतं. बहीण एलायझा लग्नानंतर मिचेल झाली. भाऊ पेरी टेक्सासला गेला, कारण त्याच्या बायकोला तिकडं विकलं होतं. तो १८६७ साली बायकापोरांसह डग्लस यांच्या रॉचेस्टरच्या घरी आला तेव्हा त्याचं आडनाव डाउन्स होतं. डग्लस, मिचेल, डाउन्स. एका आईची तीन लेकरं. आडनाव धरून शोधणाऱ्याला ही भावंडं कधीच एकत्र सापडणार नाहीत. डग्लस यांनी पेरीसाठी आपल्या आवारात छोटं घर बांधून दिलं. लहानपणी त्या दोघांना एकमेकांची ओळखही नीट झाली नव्हती.

मुक्त झालेल्या माणसांसाठी १८६५ साली एक बँक निघाली होती, फ्रीडमन्स बँक. खातं उघडताना तिथं विचारलं जाई: आईचं नाव, बापाचं, भाऊ-बहिणी कोण, जन्म कुठला, सुरुवातीच्या अर्जांत तर जुना मालक कोण हेही. सही येत नसलेली हजारो माणसं एवढ्या तेवढ्या डॉलरसाठी आली आणि आपल्या हरवलेल्या भावंडांची नावं सांगून गेली. १८७४ साली बँक बुडत असताना तिची सूत्रं डग्लस यांच्या हाती दिली गेली आणि ती त्याच वर्षी बंद झाली. लोकांचे पैसे गेले, त्या नोंदवह्या राहिल्या. आज १८७० च्या भिंतीला जी थोडी दारं आहेत, त्यांतलं एक मोठं दार त्या वह्यांचं.

ऑल्डला भेटल्याच्या पुढच्या वर्षी, १८७८ च्या नोव्हेंबरात, डग्लस टॅल्बट काउंटीत पुन्हा आले आणि टकाहोकाठी आजीचं खोपट शोधायला गेले. खोपट कधीच पडून गेलं होतं. घळीच्या कडेला एक देवदार होता, त्यावरून त्यांनी जागा ओळखली. तिथली माती त्यांनी मुठी भरून घेतली आणि वॉशिंग्टनच्या घरी नेली.